उष्ट्या रोट्यांचं गाव

१४ सप्टेंबर १९७६, यांगिसोय

पोहोचले एकदाची! कोकंदहून निघालेली बस वाटेत दोनदा रुसली. ड्रायव्हरने आधी तिला शिव्या घातल्या, मग लाडीगोडी लावली, तेव्हा कुठे बाईसाहेब हलल्या. शेजारणीने तिचं खरबूज अख्खा प्रवासभर माझ्या मांडीवर ठेवलं होतं. उतरताना ते मलाच देऊन म्हणाली, इतका वेळ सांभाळलंस पोरी, आता तुझंच झालं ते. गावाने असं स्वागत केल्यावर आणखी काय हवं?

खोली सोबिरा खोलांकडे, म्हणजे सोबिरा मावशींकडे, मिळाली आहे. अंगणात द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली ऐसपैस बाज, आणि फाटकाबाहेरून नवा कालवा वाहतो. घरात दोघीच, खोला आणि त्यांची सून ओयदिन. मुलगा तुरोब उत्तरेकडे रेल्वेच्या बांधकामावर आहे. खोला बोलायला लागल्या की थांबत नाहीत आणि ओयदिन बोलायला लागतच नाही, त्यामुळे घराचा हिशेब बरोबर जमतो. खरबूज तिघींनी मिळून संपवलं. साखरेसारखं निघालं.

उद्यापासून गावच्या रेडिओवर निवेदिका मुकर्रम हजर! ताश्कंदच्या वर्गात सर म्हणायचे की या मुलीच्या आवाजात मध आहे. ते खोटं बोलत नव्हते असं मी धरून चालले आहे.

१७ सप्टेंबर

इथला रेडिओ म्हणजे एक गंमतच आहे. केंद्रातून तार निघते आणि घरोघरी जाते. प्रत्येक घरात भिंतीवर एक काळं खोकं. दुसरं स्टेशन लागत नाही, नुसता आवाज कमीजास्त करायचा. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, म्हणून शेताच्या कडेलाही खांबावर कर्णे बसवले आहेत. दिवसा सगळं गाव शेतात आणि घरात नुसती खोकी बोलत असतात. रिकाम्या गल्लीतून चालताना प्रत्येक खिडकीतून माझाच आवाज ऐकू आला तेव्हा कॉलर ताठ झाली, खोटं कशाला सांगू?

संपादक नोर्मत-अका, सगळ्या केंद्राचे दादा, गोलमटोल आणि प्रेमळ आहेत. टेबलावर द्राक्षांचं ताट असतं. एक द्राक्ष तोंडात, एक ओळ कागदावर, अशी त्यांची पद्धत. दुपारचा ‘खुशाली’ हा कार्यक्रम माझ्याकडे दिला आहे. गेल्या हिवाळ्यात गावचे पुरुष डोंगरात कालव्याचा बोगदा खणायला गेले होते. वसंतात कालव्याला पाणी आलं, बॅण्ड वाजला, आणि त्या टोळीला तिथूनच थेट उत्तरेला पाठवलं. घरी यायलाही सवड मिळाली नाही. त्यांचे निरोप मी वाचायचे. आज हजर-ओपाच्या नवऱ्याचा, एगमचा होता. “इकडे सगळं छान आहे. थंडी आहे, पण कोट मिळाले आहेत. काळजी करू नका.” मला फारच कोरडं वाटलं, म्हणून मी पदरचं जोडलं, “तुझ्या हातच्या जेवणाची फार आठवण येते.” नोर्मत-अकांनी काचेपलीकडून हाताने वाहवा केली. हजर-ओपा, म्हणजे हजरताई, ही आमची शेजारीण. संध्याकाळी तिने माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

२६ सप्टेंबर

परवा तुरोबचा निरोप होता. खोलांनी दोन दिवस माझ्या ताटात मांसाचे तुकडेच तुकडे वाढले.

आज मात्र जरा विचित्र झालं. जेवणघरात खिळ्याला तुरोबची उष्टी रोटी टांगलेली आहे. आपल्याकडे घरोघरी असतेच ती. प्रवासाला निघणाऱ्याने एक घास तोडायचा आणि उरलेली रोटी तो परतेपर्यंत त्याची वाट बघत राहते. माझा भाऊ पलटणीत गेला तेव्हा त्याची दोन वर्षं टांगली होती, आल्यावर दगडासारखी झालेली ती रोटी त्याने चहात बुडवून खाल्ली आणि दाताच्या नावाने बोंब मारली. तर सांगायचं म्हणजे तुरोबच्या रोटीला मी आले तेव्हा एकच घास तोडलेला होता. आज तीन आहेत. मी म्हटलं, खोला, उंदीर लागलेत, मांजर आणा. खोला हसल्या. म्हणाल्या, “उंदीर कधी असा गोल घास घेतो का गं वेडे? माझ्या पोराचे दात मला ओळखता येत नाहीत होय?”

मला वाटलं थट्टा करताहेत. जवळ जाऊन बोट लावलं. वाळून खडखडीत झालेली रोटी, पण तोडलेली कड ओली होती. तिला चिखलाचा वास येत होता. ओयदिन ताट टाकून उठून गेली.

३ ऑक्टोबर

आज नोर्मत-अकांना विचारलं की निरोपाच्या तारा मला दाखवाल का, म्हणजे मूळचे शब्द बघून नीट वाचता येईल. ते इतके हसले की ढेरी हलायला लागली. स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारून म्हणाले, पोरी, तारा सगळ्या इथे येतात.

म्हणजे निरोप ते स्वतःच लिहितात. सगळेच. मी म्हटलं, अका, पण मग ही माणसं कशी आहेत, कुठे आहेत, तुम्हाला काय माहीत? त्यांनी एक द्राक्ष सोललं. हो, चक्क सोललं. म्हणाले, वरून सांगितलंय की उत्तरेला आहेत, म्हणजे उत्तरेला आहेत. लोकांना दोन गोड शब्द ऐकून बरं वाटतं, त्यात कुणाचं काय जातं? तूही तर जोडतेसच की! फार छान जोडतेस.

परत येताना गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टळटळीत ऊन. हजर-ओपाच्या फाटकातून ओल्या पावलांची रांग कालव्यापर्यंत गेलेली होती. का कालव्यापासून फाटकापर्यंत आलेली होती? उभी राहून बघत होते तोवर वाळूनही गेली.

९ ऑक्टोबर

हजर-ओपा वेचणीला येत नाही. एगम परत आलाय म्हणे! गावात कुणी वाजंत्री लावली नाही, कुणी पलोव शिजवला नाही, फक्त बायका एकमेकींना हळूच सांगतात आणि आपापल्या भिंतीवरची रोटी निरखतात. म्हटलं जाऊन अभिनंदन तरी करावं. भोपळ्याचे समोसे घेऊन गेले.

फाटक लोटलेलं होतं. खालून पाणी वाहत होतं. हजर-ओपाने मला ओढूनच आत घेतलं. चेहरा उजळलेला, पण डोळ्यांखाली काळं. म्हणाली, रोटी संपवली बघ त्याने, सगळी संपवली, आता कुठे जायचा नाही. दमलाय फार.

तो बाजेवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. भर उन्हात. अंगावरून पाणी निथळत होतं, थांबतच नव्हतं, गादी, बाज, जमीन सगळं ओलंचिंब. हजर-ओपा टॉवेलने पुसायची, पिळायची, परत पुसायची. मी सलाम केला. त्याने तोंड न वळवता म्हटलं, “इकडे सगळं छान आहे. थंडी आहे, पण कोट मिळाले आहेत. काळजी करू नका.” ती म्हणाली, अहो, ही मुकर्रम, रेडिओवरची. तर तो म्हणाला, “तुझ्या हातच्या जेवणाची फार आठवण येते.”

ते वाक्य माझं आहे. मी जोडलेलं. शब्दाशब्दावर जिथे मी थांबले होते तिथेच तो थांबत होता.

समोसे कुठे टाकले आठवत नाही. धावत घरी आले.

११ ऑक्टोबर

ओयदिन बोलली. कापसाच्या शेतात, माझ्या शेजारच्या ओळीत, वर न बघता, बोंडं वेचत वेचत बोलली.

वसंतात पाणी आलं तेव्हा सगळं गाव बॅण्डजवळ नाचत होतं. ती मात्र वर बोगद्याच्या तोंडाशी गेली होती, तुरोबला गाठायला. आधी नुसता गढूळ लोंढा आला. मग टोप्या आल्या. काळ्या, पांढऱ्या नक्षीच्या टोप्या, एकामागून एक, कालव्याच्या दाराच्या जाळीला येऊन अडकल्या. तुरोबची तिने स्वतः भरलेली होती, नक्षीतल्या एका मिरचीला पांढरा दोरा संपल्याने निळा लावला होता, त्यावरून ओळखली. बोगदा खचला, पाणी आत शिरलं, माणसं आतच राहिली. उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, पाहुणे निघालेले होते. साहेबांनी टोप्या काढून जाळल्या. तिने ती एक पदराखाली लपवली.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. म्हणाली, सासूला सांगितलं. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, रेडिओ सांगतो तो जिवंत आहे, तू कोण सांगणारी? ओयदिन बावीस वर्षांची आहे. ना सवाष्ण, ना विधवा. शोकाचे निळे कपडे घालून रडायचीसुद्धा तिला बंदी आहे.

आम्ही दोघी तशाच वेचत राहिलो.

१९ ऑक्टोबर

तुरोबची रोटी आता चंद्रकोरीएवढीच उरली आहे. आणखी एक निरोप वाचला की संपेल.

नोर्मत-अकांनी त्याचा निरोप उद्यासाठी लिहून ठेवलाय. खोला रोज माझे पाय दाबायला बसतात, मी नको नको म्हणते तरी. माझ्या लेकाचं नाव घे गं, एकदाच घे, म्हणतात. नवी गादी भरून ठेवली आहे. टॉवेल धुऊन रचून ठेवले आहेत, ढीगच्या ढीग. ओयदिन ते टॉवेल बघते आणि अंगणात निघून जाते.

वाचलं तर तो येईल. जे काही येईल ते येईल आणि ओयदिनला जन्मभर त्याच्या शेजारी निजावं लागेल, माझी वाक्यं ऐकत. नाही वाचलं तर नोर्मत-अका स्वतः वाचतील. मग उरतं काय?

मला भीती वाटते. भयंकर भीती वाटते.

२० ऑक्टोबर

सांगितलं.

निरोपाचा कागद समोर होता. लाल दिवा लागला. मी म्हटलं, तुरोब उत्तरेला गेलेला नाही. एगम गेला नाही, कुणीच गेलं नाही. ते सगळे वसंतात बोगद्यात बुडून मेले. त्यांचे निरोप खोटे होते, ते मी वाचले, काही मी रचले. त्यांच्यासाठी दुवा मागा आणि त्यांना जाऊ द्या. काचेपलीकडे नोर्मत-अका द्राक्ष हातात धरून बसले होते. त्यांनी तार तोडली नाही, धावत आले नाहीत. झाल्यावर मला चहा ओतला. म्हणाले, आवाज दमलाय तुझा, थोडी विश्रांती घे. आपल्याकडे तुझी बरीच ध्वनिफीत साठलेली आहे, काळजी नाही.

२१ ऑक्टोबर

कुणी ऐकलं नाही म्हणे! जिला विचारावं ती म्हणते, काल रेडिओ बंद होता, नुसती घरघर. दुकानदार म्हणतो घरघर. खोला म्हणतात घरघर. बोलताना कुणी माझ्याकडे बघत नाही.

हजर-ओपा मात्र भर गल्लीत आली आणि तिने फाडकन माझ्या थोबाडीत मारली. तिची बाज कालपासून कोरडी आहे. रिकामी आहे. मी म्हटलं, ओपा, रेडिओ बंद होता ना, मग मारतेस कशाला? ती खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली. मला तिची दया आली आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

आणि तुरोबची रोटी! तिला बुरशी आलीय. हिरवी, साधी, कुठल्याही शिळ्या रोटीला येते तशी.

संध्याकाळी ओयदिन खोलीतून बाहेर आली ती निळ्या कपड्यांत. खोलांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. ओयदिनने टोपी मांडीवर घेतली आणि मोठ्याने, मनसोक्त रडली. गावात तो एकच आवाज होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

२४ ऑक्टोबर

ओयदिन घरात नाही.

मी शेतातून आले तर तिची खोली झाडलेली. खोला म्हणाल्या, गाडी आली होती, नवऱ्याकडे गेली उत्तरेला. किती नशीबवान पोर. मी विचारलं, निळ्या कपड्यांत? त्या म्हणाल्या, कुठले निळे? कधी घातले होते तिने निळे?

भिंतीवर तुरोबच्या शेजारी दुसरी रोटी. नवी. एक घास तोडलेली. दाताने नाही, कुणीतरी हाताने मोडलेली आहे. मला फरक कळतो.

ती नाही गेली. तिने मला न सांगता — ती नाही गेली. गाडीच्या चाकांच्या खुणा अंगणापासून कालव्यापर्यंत दिसतात. मोठ्या रस्त्यापर्यंत नाहीत.

२५ ऑक्टोबर

केंद्रावर गेले नाही. दार लावून बसले. दुपारी खोकं बोललं.

माझा आवाज. मध असलेला. “ओयदिन तुरोबकडे सुखरूप पोहोचली आहे. इकडे सगळं छान आहे.” मी हे कधी वाचलेलं नाही! शब्द माझेच, निरनिराळ्या दिवसांचे, कापून जोडलेले. ओयदिन हे नाव मी घरात हाक मारते तसं हळुवार नाही, त्यात दोन शब्दांची फट आहे — ओय, दिन.

बटण खाली केलं. आवाज कमी झाला, थांबला नाही.

रोटीला आता दोन घास.

२७ ऑक्टोबर

बसवाल्याने नेलं नाही. यादीत नाव नाही म्हणाला. शेतात सगळ्यांनी पाठ फिरवली. हजर-ओपासुद्धा. तिची बाज पुन्हा ओली आहे, तिने हसून पाठ फिरवली.

माझाच आवाज रोज. दुपारी. सगळ्या खिडक्यांतून.

२८ —

रोटी संपली. ओयदिन अंगणात आहे.

मांडवाखाली. निळे कपडे, पाणी निथळतंय. माझ्याकडे बघत नाही. मी दाराआडून म्हटलं, ओयदिन, मला माफ कर, मी खरं सांगायला गेले आणि — तर ती म्हणाली, “इकडे सगळं छान आहे.” माझ्या आवाजात. ओठ तिचे.

तिला टोपी दाखवली, त्या रात्री रडून झाल्यावर तिनेच माझ्याकडे ठेवायला दिलेली. तिने भरलेली, निळ्या दोऱ्याची. तिने ओळखली नाही.

खोला तिला टॉवेल गुंडाळताहेत. गाताहेत.

२९

खोक्याने आज माझं नाव घेतलं. निवेदिका मुकर्रम उत्तरेला रवाना झाली आहे. ती खुशाल आहे. ती — मीच सांगत होते. हसून सांगत होते.

मी इथे आहे. जमिनीवर बसले आहे, भिंतीला पाठ लावून. पाय माझे आहेत. कोरडे आहेत.

नोर्मत-अका आले आहेत. गाडी फाटकाशी. खोलांनी तंदूरमधून रोटी काढली, वास येतोय, गरम आहे. दाराशी उभ्या राहून म्हणताहेत, एक घास घे पोरी, असं उपाशी कुणी घरातून निघतं का? रडताहेत खऱ्याखुऱ्या. मी नाही म्हटलं. ओठ मिटून धरले आहेत. त्या म्हणाल्या, असू दे, आम्ही मोडू.

वही गादीत शिवते. कुणी वाचली तर — मी घास घेतलेला नाही. मी कुठेही गेलेले नाही. कोकंदला माझ्या आईला सांगा. फीत तिकडेही पाठवतील, दुपारी खोक्यातून माझा आवाज येईल, ती ऐकेल, तिला बरं वाटेल, तिला म्हणावं ऐकू नकोस, ती मी नाही, रोटी टांगू नकोस, मला परत बोलावू नकोस, मी जी येईन ती —

कडी काढली. त्यांनी बाहेरून कशी —

आई, इकडे सगळं